बोगद्यातला वाघ आणि दिव्याखालचा माणूस
(एका बालकथेचे इतिहासवाचन)

इतिहासाची साधने म्हटली म्हणजे बखरी, सनदा, पत्रव्यवहार, गॅझेटिअरे आणि सरकारी अहवाल आपल्या डोळ्यांपुढे येतात. बालवाङ्मयाला त्या पंक्तीत कोणी पाट मांडीत नाही. ग्रंथालयातही मुलांची कपाटे एका बाजूस असतात आणि इतिहासाची दुसऱ्या बाजूस. परंतु काही बालकथा अशा असतात की, ज्या जीवनाची नोंद अहवालकर्त्यांनी केली नाही, ती त्यांच्यात सहजगत्या झालेली आढळते. रस्किन बाँड यांची 'द टायगर इन द टनेल' ही अशीच एक कथा. आकाराने चार-सहा पानांची, वरवर पाहता वाघाच्या झुंजीची. शाळेच्या क्रमिक पुस्तकांतून ती अनेकांनी वाचलेली असेल. आगगाडी आणि अरण्य यांची आपल्या देशात जी गाठ पडली, तिचा इतिहास या कथेत कसा उतरला आहे, ते पाहण्याचा येथे विचार आहे.

कथा आणि कथाकार

बाँड यांचा जन्म १९३४ मध्ये कसौली येथे झाला. त्यांच्या 'द रूम ऑन द रूफ' या पहिल्या कादंबरीला १९५७ चे जॉन लुएलिन ऱ्हिस पारितोषिक मिळाले, तेव्हा त्यांचे वय अवघे बावीस-तेवीस वर्षांचे होते. पुढे १९६० नंतरच्या दशकात ते मसुरीच्या डोंगरात स्थायिक झाले आणि तेथूनच त्यांनी लेखन केले. १९९२ चा साहित्य अकादमी पुरस्कार, १९९९ मध्ये पद्मश्री आणि २०१४ मध्ये पद्मभूषण असे सन्मान त्यांना लाभले. रेल्वेचे त्यांना विशेष वेड. भारतीय रेल्वेविषयीच्या कथांचा एक संग्रहही त्यांनी १९९४ मध्ये संपादित केला.

कथेचा सांगाडा थोडक्यात असा. जंगलातल्या एका लहानशा स्थानकावर बलदेव हा खलाशी रात्रपाळीचा पहारा करतो. गाडी येण्यापूर्वी बोगदा मोकळा आहे की नाही हे पाहायचे आणि सिग्नलचा दिवा लावायचा, एवढे त्याचे काम. गावाकडची भातशेती पोटापुरती नाही, म्हणून ही नोकरी. त्याचा लहानगा मुलगा टेंबू त्या रात्री झोपडीत त्याच्याबरोबर आहे. बरोबर येण्याचा त्याचा हट्ट बाप मोडून काढतो आणि वडिलांनी घडविलेली लहानशी कुऱ्हाड घेऊन एकटाच निघतो. दिवा लागतो. मेल गाडीची वाट पाहत असता नरभक्षक वाघ येतो. बलदेव पळत नाही. कुऱ्हाडीचे घाव वाघाला जबर जखमी करतात, पण कुऱ्हाड वाघाच्या हाडात रुतते आणि निःशस्त्र झालेला बलदेव मारला जातो. जखमी वाघ गाडीच्या वाटेतून वेळेवर हलू शकत नाही व इंजिनाखाली सापडतो. टेंबू पहाटेपर्यंत बापाच्या देहापाशी बसून राहतो. थोड्याच दिवसांत बापाच्या जागी तोच दिवा लावायला जाऊ लागतो, आणि बापाची कुऱ्हाड त्याच्या हाती असते.

बोगदा, दिवा आणि भय

बोगदा, सिग्नलचा दिवा आणि एकटा पहारेकरी ही त्रयी इंग्रजी वाङ्मयात नवी नव्हे. चार्ल्स डिकन्स यांची 'द सिग्नल-मॅन' ही प्रसिद्ध कथा १८६६ ची. त्याच्या आदल्या वर्षी, ९ जून १८६५ रोजी, स्टेपलहर्स्ट येथील रेल्वे अपघातातून डिकन्स स्वतः वाचले होते. त्या अनुभवाची काळी छाया कथेवर पडलेली आहे. तेथेही बोगद्याच्या तोंडाशी एक पहारेकरी आहे आणि तोही प्राणास मुकतो. पण डिकन्स यांचे भय यंत्रयुगाचे आहे. लोखंडी गाडी हेच तेथे संकट असते आणि माणूस आपल्याच कामाच्या ओझ्याखाली भ्रमिष्ट होत जातो. बाँड यांच्या कथेत बोगद्याचा अर्थ पालटतो. गाडी ही येथे मनुष्यवस्तीची दूत आहे. भय आहे ते रुळांच्या दोन्ही अंगांना पसरलेल्या अरण्याचे. डिकन्स यांचा पहारेकरी तारयंत्राच्या घंटेने जगाशी जोडलेला होता. बलदेवला जोडणारे केवळ दोन रूळ, आणि तेही गाडी आली तरच.

वाघ-सिंह आणि रेल्वे यांची गाठ घालणारे दुसरे प्रसिद्ध पुस्तक म्हणजे पॅटर्सन यांचे 'द मॅन-ईटर्स ऑफ त्सावो' (१९०७). १८९८ मध्ये युगांडा रेल्वेच्या त्सावो नदीवरील पुलाच्या कामावर दोन सिंहांनी मजुरांना उचलून नेण्याचा सपाटा लावला होता. ते मजूर बहुतांशी हिंदुस्थानातून नेलेले होते. पॅटर्सन यांनी वर्षअखेरीस दोन्ही सिंह मारले. त्यांनी पुढे बळींची संख्या १३५ सांगितली, तर सिंहांच्या जतन केलेल्या अवशेषांवरून २००९ मध्ये झालेल्या संशोधनात ती सुमारे ३५ असावी असा अंदाज निघाला. आकडा कोणताही घेतला तरी एक गोष्ट ध्यानात येते. त्या पुस्तकाचा नायक बंदूकधारी अभियंता आहे आणि मेलेले मजूर ही त्याच्या पराक्रमाची पार्श्वभूमी आहे. बाँड यांनी नेमकी हीच मांडणी उलटी केली. त्यांच्या कथेत साहेब नाही, बंदूक नाही, मचाण नाही. जो एरवी शिकारकथेच्या तिसऱ्या ओळीत बळी म्हणून येऊन जातो, तो येथे नायक आहे. ही कथेची खरी थोरवी होय.

या दोन टोकांच्या मध्ये जिम कॉर्बेट उभे आहेत. कुमाऊँच्या नरभक्षकांचे हे शिकारी दोन दशकांहून अधिक काळ मोकामेह घाटावर रेल्वेच्या मालाची चढ-उतार करून घेण्याच्या कामावर होते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. तेथील मजुरांविषयी त्यांनी 'माय इंडिया' (१९५२) या पुस्तकात जिव्हाळ्याने लिहिले आहे. तरीही सांगणारा साहेबच राहतो. बलदेवच्या कथेत सांगणाऱ्याने स्वतःला पूर्णपणे दूर ठेवले आहे.

अहवालात नसलेली माणसे

आता कथेबाहेरचा इतिहास पाहू. मुंबई-ठाणे गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी धावली, हे शाळकरी मुलासही पाठ असते. त्यानंतर बोरघाटाचे काम १८५६ मध्ये सुरू झाले आणि १८६३ मध्ये मार्ग खुला झाला. पंचवीस बोगदे त्यासाठी खोदावे लागले. ऐन भरात चाळीस हजारांवर माणसे त्या कामावर होती. पटकीने आणि अपघातांनी त्यांपैकी हजारो दगावली. १८५९ मध्ये मजुरीच्या थकबाकीवरून तेथे दंगाही उसळला. ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल त्याच वर्षी आजाराने वारले आणि त्यांच्या पत्नीने हिमतीने ठेका पुढे चालविला. ट्रेडवेल दांपत्याचे नाव इतिहासात आहे, मुख्य अभियंता बर्कले यांचे आहे. सुरुंग भरणाऱ्याचे, पाटी वाहणाऱ्या बाईचे, बोगद्यात दिवा धरणाऱ्याचे नाव मात्र कोठेच नाही.

मार्ग बांधून झाल्यावर तो राखणाऱ्यांची पिढी आली. खलाशी, गँगमन, सांधेवाला, पावसाळ्यात दरडीवर लक्ष ठेवणारा गस्तवाला. त्यांच्या हाती लाल-हिरव्या काचेची बत्ती असे, आणि संकटाच्या वेळी गाडी थांबविण्यासाठी रुळांवर ठेवायचे फटाके. रॉकेलच्या त्या दिव्याचे मोल गाडीतल्या झोपलेल्या प्रवाशाला कधी कळले नाही, कारण तो लागला होता तोपर्यंत काही घडतच नव्हते. न घडलेल्या अपघाताची नोंद इतिहास करीत नाही. बलदेवची कथा ही त्या नोंदीची जागा भरून काढते.

आपल्या माळव्यातील वाचकाला या चित्रासाठी दूर जावे लागत नाही. दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी १८७० मध्ये खंडवा-इंदूर मार्गासाठी एक कोटी रुपयांचे कर्ज साडेचार टक्के व्याजाने देऊ केले. त्या दशकात होळकर स्टेट रेल्वे टप्प्याटप्प्याने पुरी झाली. पाताळपाणी ते काळाकुंड हा तिचा घाटाचा तुकडा म्हणजे बोगदे, दऱ्या आणि अरण्य यांचीच संगत. याच परिसराशी तंट्या भिल्लाची आठवण निगडित आहे. १८८९ मध्ये जबलपूरला त्याला फाशी दिल्यावर त्याचा देह पाताळपाणीजवळ टाकण्यात आला, असे सांगतात. त्याच्या स्थानापाशी गाड्या क्षणभर थांबत, ही या मार्गावरची रूढी. ज्या आदिवासींच्या रानातून रूळ गेले, त्यांच्यातला एक जण बंडखोर म्हणून लोकांच्या आठवणीत राहिला. रुळांवर चाकरी पत्करणारे बाकीचे कोठे गेले, हा प्रश्न बलदेव आपल्यापुढे ठेवतो. तोही वनवासी गावचाच आहे आणि त्याची कुऱ्हाड ही त्या जुन्या जीवनाची शेवटची खूण आहे.

रूळ आणि रान

रेल्वेने अरण्य केवळ ओलांडले नाही, ते खाल्लेही. रुळांखालच्या लाकडी स्लीपरांसाठी साग, साल आणि देवदार यांची बेसुमार तोड झाली. एका मैलाला पावणेदोन ते दोन हजार स्लीपर लागत आणि काही वर्षांनी ते बदलावे लागत. या तुटीच्या चिंतेतूनच १८६४ मध्ये वनखाते स्थापन झाले. १८६५ आणि १८७८ च्या वनकायद्यांनी रान सरकारच्या मालकीचे झाले आणि रानातला माणूस आपल्याच घरी परका ठरला. दुसरीकडे बक्षिसे लावून हिंस्र पशू मारले जात होते. १८७५ ते १९२५ या पन्नास वर्षांत ऐंशी हजारांवर वाघ मारले गेले असावेत, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. म्हणजे त्या बोगद्याच्या तोंडाशी जे दोघे समोरासमोर आले, ते दोघेही एकाच व्यवस्थेने कोपऱ्यात रेटलेले होते. एकाला शेती पुरत नव्हती, दुसऱ्याला रान.

बाँड यांना हे जाणवले असावे, असे त्यांच्याच दुसऱ्या एका कथेवरून वाटते. 'द टनेल' या कथेतही बोगदा आहे, पहारेकरी आहे, एक मुलगा आहे. वाघाच्या जागी बिबट्या आहे. गाडी येण्याची वेळ झालेली असताना पहारेकरी आणि मुलगा दिवा घेऊन, आरडाओरडा करून त्या बिबट्याला बोगद्याबाहेर हुसकून लावतात आणि त्याचा जीव वाचतो. एका कथेत दिवा माणसांच्या गाडीसाठी लागतो, दुसरीत जनावरासाठीही. दोन्ही कथा मुलांनी लागोपाठ वाचाव्यात, अशा आहेत.

हा प्रश्न जुना झालेला नाही. १५ नोव्हेंबर २०१८ रोजी चंद्रपूर जिल्ह्यात गोंदिया मार्गावर वाघाचे तीन बछडे गाडीखाली सापडून मेले. जुलै २०२४ मध्ये मध्य प्रदेशात बुधनीजवळ मिडघाटात तीन बछड्यांना गाडीची धडक बसली. एक जागीच मेला आणि जखमी दोघांना एका डब्याच्या खास गाडीने भोपाळला उपचारासाठी नेण्यात आले. आपल्या खंडवा-अकोला मार्गाचे रुंदीकरण मेळघाटच्या व्याघ्र प्रकल्पातून करावे की वळसा घालून, यावर वर्षानुवर्षे वाद झडला, न्यायालयापर्यंत गेला. बलदेवच्या काळी वाघापासून गाडी आणि माणूस यांना जपायचे होते. आज गाडीपासून वाघालाही जपावे लागत आहे. दिवा लावणारा मात्र दोन्ही वेळी लागतोच.

टेंबूची कुऱ्हाड

कथेचा शेवट बहुतेकांना शौर्याचा वाटतो. पोर भीत नाही, बापाचे काम पुढे चालवतो. पण इतिहासाच्या दृष्टीने पाहणाऱ्याला तेथे थबकावे लागते. टेंबूपुढे दुसरा मार्गच नव्हता. घरात आई आहे, धाकटी बहीण आहे, शेत पुरत नाही, आणि मिळवता माणूस गेला आहे. साहसकथांतील मुले सहसा सुटीत साहस करतात आणि रात्री घरी जेवायला येतात. या मुलाचे साहस ही त्याची नोकरी आहे. त्याचे बालपण त्या एका रात्रीत संपले, हे लेखक मोठ्या आवाजात सांगत नाहीत. केवळ कुऱ्हाड त्याच्या हाती देतात. मुलांना त्यात धैर्य दिसते आणि मोठ्यांना त्या धैर्याची किंमत दिसते. दोन्ही वाचने खरी आहेत, आणि एकाच गोष्टीत दोन्ही सामावणे हे उत्तम बालवाङ्मयाचे लक्षण होय.

पाताळपाणी-काळाकुंड घाटात डिसेंबर २०१८ मध्ये वारसा गाडी सुरू झाली, तेव्हा हौशी प्रवासी काचेच्या मोठ्या खिडक्यांतून दऱ्या आणि धबधबे पाहू लागले. जुने बोगदे, जुने पूल यांचे कौतुक झाले, आणि ते योग्यच आहे. मात्र वारसा म्हणजे केवळ दगड आणि लोखंड नव्हे. त्या बोगद्याच्या तोंडाशी रात्रीमागून रात्री कोणी तरी दिवा लावीत होते. त्याचे नाव हजेरीपटावर असेल किंवा नसेल. शंभर वर्षे पुस्तके जपणाऱ्या आपल्या संस्थेने घाटांचे वर्णन करणारे अहवाल जपले, तशीच ही चार-सहा पानांची गोष्टही मुलांच्या कपाटात जपावी. घाटाच्या इतिहासाचे जे पान अहवालांतून गळाले आहे, ते तिच्यात सापडते.