श्रुतविच्छेदाचे भय आणि षट्खंडागमाची वाटचाल

ज्येष्ठ शुद्ध पंचमीला आपल्या मंदिरांतील शास्त्रांची कपाटे उघडली जातात, ग्रंथांना ऊन दाखवले जाते, नवी वेष्टने चढवली जातात आणि जिनवाणीची पूजा होते. या श्रुतपंचमीच्या मुळाशी एका वृद्ध आचार्यांना वाटलेले भय आहे, याचे स्मरण पूजेच्या गडबडीत क्वचितच होते.

भगवान महावीरांच्या निर्वाणानंतर कित्येक शतके श्रुत हे गुरुमुखातून शिष्याच्या कंठात उतरत राहिले. एक श्रुतधर गेला की त्याच्याबरोबर श्रुताचा एक अंश लोपत असे. सौराष्ट्रात गिरनारच्या चंद्रगुफेत राहणाऱ्या आचार्य धरसेनांना पूर्वश्रुताच्या एका भागाचे ज्ञान होते. आपल्यामागे ते नष्ट होईल असे त्यांना वाटले. ही कथा सांगताना धवलाकार वीरसेनाचार्यांनी 'भय' हाच शब्द वापरला आहे. सम्यग्दृष्टी जीव सप्तभयांपासून मुक्त असतो, अशी आपली शिकवण. तरीही एका महामुनीला भय वाटले, हे लिहिताना वीरसेनांना संकोच झाला नाही. हे भय देहाविषयीचे नव्हतेच.

धरसेनांनी महिमा नगरीत जमलेल्या मुनिसंघाला पत्र पाठवले. ही महिमा नगरी म्हणजे सातारा जिल्ह्यातील महिमानगड असावी, असे अनुमान डॉ. हीरालाल जैन यांनी मांडले होते. ते खरे असो वा नसो, आपल्या मुलुखाचा या प्रसंगाशी संबंध असावा ही कल्पना सुखावते. संघाने दोन तरुण मुनी धाडले. आचार्यांनी त्यांना एकदम विद्या दिली नाही. एकाच्या मंत्रात एक अक्षर अधिक, दुसऱ्याच्या मंत्रात एक उणे ठेवून साधना करण्यास सांगितले. एकापुढे मोठ्या दातांची, तर दुसऱ्यापुढे एका डोळ्याची देवी प्रकटली. देवतांचे रूप असे नसते हे ओळखून दोघांनी मंत्रच तपासले, अक्षरे दुरुस्त केली आणि पुन्हा जप केला. आयुष्य थोडे उरलेले असतानाही धरसेनांनी शिष्यांची पारख करण्यात घाई केली नाही, ही गोष्ट मला विद्यादानाइतकीच मोलाची वाटते.

अध्ययन आषाढ शुद्ध एकादशीस पूर्ण झाले आणि त्याच दिवशी शिष्यांना निरोप मिळाला. त्यांनी अंकलेश्वरात चातुर्मास केला. पुढे पुष्पदंत वनवास देशी गेले. त्यांनी आरंभीची सूत्रे रचून ती जिनपालितांकरवी भूतबलींकडे पाठवली. पुष्पदंतांचे आयुष्य अल्प उरले आहे हे भूतबलींनी जाणले, आणि गुरूंना वाटलेलेच भय त्यांना वाटले. उरलेली रचना त्यांनी पूर्ण केली. हाच षट्खंडागम. तो ग्रंथारूढ झाला, त्याची पूजा झाली, तो दिवस श्रुतपंचमी. पुढे वीरसेनांनी इ.स. ८१६ मध्ये त्यावरील धवला टीका पूर्ण केली.

यानंतरची हकिकत कर्नाटकातील मूडबिद्रीची. इतर ठिकाणच्या प्रती नाहीशा झाल्या; तेथील सिद्धांत बसदीत मात्र जुन्या कन्नड लिपीतील ताडपत्रे शेकडो वर्षे जपली गेली. यात्रेकरूंना त्यांचे केवळ दर्शन घडे. येथेही मूळ भावना भयाचीच, पण तिने दार बंद केले. त्या राखणदारांना दोष देणे सोपे आहे. परंतु त्यांनी राखले नसते तर आज बोलण्यासारखे काही उरलेच नसते.

मुंबईचे शेठ माणिकचंद पानाचंद १८८३ च्या सुमारास यात्रेस गेले असता जीर्ण होत चाललेली ती पाने पाहून अस्वस्थ झाले. त्यांनी ही व्यथा सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद यांच्या कानी घातली. पुष्कळ खटपटीनंतर १८९६ च्या सुमारास नक्कल सुरू झाली आणि १९२२ पर्यंत चालली. अट अशी की प्रती मूडबिद्रीबाहेर जाऊ नयेत. नक्कल करणाऱ्या गजपती उपाध्याय यांनी पत्नी लक्ष्मीबाईंच्या साहाय्याने गुप्तपणे एक कन्नड प्रत तयार केली आणि ती दोन्ही शेठजींपुढे ठेवली. ज्या ग्रंथासाठी इतकी वर्षे झटले तो हाती येत असताना, हे नीतीला धरून नाही म्हणून दोघांनीही तो नाकारला! ती प्रत अखेर सहारनपूरला गेली आणि तिच्यावरून झालेल्या नागरी प्रती गावोगाव पसरल्या. चोरवाटेने आलेल्या त्या प्रतीचे ऋण आपल्यावर आहे हे खरे, आणि शेठजींचा नकारही योग्यच होता. या दोन गोष्टींचा मेळ मला आजवर घालता आलेला नाही.

अमरावतीत प्राध्यापक असलेल्या हीरालाल जैन यांनी याच परंपरेतील प्रतींवरून संपादन आरंभिले. सिद्धांतग्रंथ गृहस्थाने वाचू नयेत, असे म्हणणारे विद्वान समाजात होते. तरीही १९३९ साली धवलेचा पहिला खंड अमरावतीहून प्रसिद्ध झाला. तो हिंदी अनुवादासह होता. मग मूडबिद्रीचे मनही वळले. पुढील खंडांसाठी मूळ ताडपत्रांशी पाठ ताडून पाहण्याची सोय तेथील अधिकाऱ्यांनी करून दिली. सोळावा खंड १९५८ मध्ये बाहेर पडला.

दरम्यान ताडपत्रांना लागलेल्या किडीची वार्ता ऐकून आचार्य शांतिसागर महाराज व्यथित झाले होते. त्यांच्या प्रेरणेने हे सिद्धांतग्रंथ ताम्रपटांवर कोरवून घेण्यात आले. ते ताम्रपट फलटणला ठेवले आहेत.