पोथीतील नावे, बोलीतील शब्द

पुराणांतील नावे पोथीतच राहिली असती तर ती केवळ पंडितांना ठाऊक असती. ती शेतावर, चुलीपाशी व बाजारात आली, म्हणूनच अक्षरओळख नसलेल्यांच्याही तोंडी टिकली. झोपाळू तो कुंभकर्ण, कपटी सल्लागार तो शकुनीमामा, अंगावर दागिना नसलेली ती लंकेची पार्वती, हमखास गुणकारी औषध ते रामबाण आणि ना इकडचा ना तिकडचा तो त्रिशंकू!

हे घडले श्रवणामुळे. श्रीधरस्वामींनी हरिविजय १७०२ साली, रामविजय १७०३ साली व पांडवप्रताप १७१२ साली पूर्ण केला. चातुर्मासात एकाने वाचावे व साऱ्या गावाने ऐकावे, या रीतीने हे ग्रंथ घरोघर पोहोचले.

ही नावे माणसांपुरती थांबली नाहीत. कर्जत तालुक्यातील खांडसहून भाविक भीमाशंकर चढतात, त्या एका वाटेस गणपती घाट म्हणतात. गंगा स्वर्ग, पृथ्वी व पाताळ या तिन्ही लोकी वाहते असे पुराणे सांगतात. त्यातील पाताळगंगेचे नाव खालापूरच्या नदीस मिळाले. १९१५ साली खोपोलीस टाटांचे वीजगृह सुरू झाले. घाटमाथ्यावरील तलावांचे पाणी नळांतून उतरून तेथे वीज निर्माण करते व पुढे याच नदीस मिळते. पाणी डोंगरावरून खाली आणण्याच्या अशा कामास मराठी माणूस सहजच भगीरथ प्रयत्न म्हणतो. आज मात्र पाताळगंगा म्हटले की पुष्कळांना कारखान्यांची वसाहतच आठवते.

बोलीने काही नावांवर अन्यायही केला. अधर्म सोडून श्रीरामांना शरण गेलेला बिभीषण घरभेदी ठरला. नारदमुनी एकीकडची वार्ता दुसरीकडे नेतात, त्यातून कलह होतो व अखेरीस दुष्टांचे निर्दालन होते. श्रोत्यांनी कलह ध्यानी ठेवला, शेवट विसरले. मुनी कळलावे झाले. मंदिरात कीर्तनकार उभा राहतो ती जागा नारदाची गादी. गावकरी तेथे नम्रपणे मस्तक ठेवतात आणि बाहेर पडताच भांडणे लावणाऱ्यास नारद म्हणून हिणवतात!

कथा विसरली की शब्द असा एकांगी होतो. म्हणून दगडविटांबरोबर श्रवणाचाही जीर्णोद्धार व्हावा. नव्या सभामंडपात पोथी वाचली जावी, मुलांनी शब्दामागची कथा ऐकावी, हीच श्रीचरणी प्रार्थना.