मिझुलाच्या बोगद्यातला वणवा

रिचर्ड रॉथरमेल मुळात विमानांचे इंजिनिअर. अणुशक्तीवर उडणारे विमान बनवण्याच्या जनरल इलेक्ट्रिकच्या प्रकल्पात ते होते. १९६१मध्ये अमेरिकी सरकारने तो प्रकल्प गुंडाळला आणि रॉथरमेल मोंटाना राज्यातल्या मिझुला गावी, वनखात्याच्या नव्याकोऱ्या आग-प्रयोगशाळेत रुजू झाले. १९७२ साली त्यांनी एका अहवालात वणव्याच्या वेगाचे समीकरण प्रसिद्ध केले. निवृत्त होईपर्यंत मी इंजिनिअरिंगच्या मुलांना हीट ट्रान्सफर शिकवत होते आणि तो अहवाल दरवर्षी वर्गात नेत होते. सह्याद्रीच्या ज्या कुशीत मी वाढले, तिथले गवताळ उतार दर उन्हाळ्यात पेटत आणि माणसे हिरव्या फांद्या घेऊन ते झोडपायला धावत. वाऱ्याची दिशा फिरली तर काय, हे कुणालाच सांगता येत नसे. म्हणून हे समीकरण मला जवळचे वाटते, आणि म्हणूनच ते तपासायचे कसे, याबाबत मी आग्रही आहे.

मिझुलाच्या प्रयोगशाळेमागे एक दुर्घटना आहे. ५ ऑगस्ट १९४९ रोजी मोंटानातल्याच मान गल्च नावाच्या घळीत, विमानातून उडी घेऊन आग विझवणाऱ्या तुकडीला वणव्याने गाठले. सुकलेले गवत, खडा चढ, मागून वारा. तुकडीचा नायक वॅग्नर डॉज याने पुढचे गवत स्वतःच पेटवले आणि त्या जळलेल्या पट्ट्यात तो आडवा पडला. तो वाचला, तेरा जण गेले. हॅरी गिझबोर्न हे वणव्यांचे जुने संशोधक त्याच नोव्हेंबरात घळ पाहायला गेले आणि तिथेच हृदयविकाराने त्यांचा मृत्यू झाला. १९६०मध्ये प्रयोगशाळा उघडली, ती ‘आग किती वेगाने येईल’ हे आधी सांगता यावे म्हणून.

जंगल जसेच्या तसे प्रयोगशाळेत आणता येत नाही. त्यात पान असते, काटकी असते, ओंडका असतो, आणि प्रत्येकाचा ओलावा वेगळा. रॉथरमेल यांनी पॅकिंगमध्ये भरतात तसल्या लाकडाच्या बारीक लांब झिलप्या घेतल्या, पाव इंची आणि अर्धा इंची चौकोनी काड्या घेतल्या आणि त्यांचे एकसारखे थर रचले. थर किती दाट, काडी किती जाड, हे सगळे मोजलेले. आधी वारा नसताना थर पेटवायचा. जळताना वजन किती झपाट्याने घटते, हे थराखालचा काटा सांगतो. त्यावरून उष्णता किती सुटते ते काढायचे. मग उतार द्यायचा, मग विंड टनेलमध्ये, म्हणजे प्रयोगशाळेतल्या वाऱ्याच्या बोगद्यात, पंख्याचा वारा सोडायचा. समीकरणाचा गाभा साधा आहे: आग पुढच्या इंधनाकडे जेवढी उष्णता पाठवते, तिला ते इंधन पेटायला लागणाऱ्या उष्णतेने भागा, वेग मिळतो. ही उष्णता ज्वाळेच्या प्रारणाने पोहोचते की तापलेल्या वायूच्या स्पर्शाने, याचा निवाडा समीकरण करत नाही. दोन्ही एकाच आकड्यात बांधलेले आहेत आणि तो आकडा प्रयोगातून काढलेला आहे.

वाऱ्याच्या बाबतीत बोगदा पुरला नाही. तेव्हा ऑस्ट्रेलियात वणव्यांचे संशोधक मॅकार्थर यांनी मोकळ्या माळावर गवताच्या आगींची जी मोजमापे घेतली होती, ती रॉथरमेल यांनी जोडीला घेतली. म्हणजे आकडे काही बोगद्यातले, काही माळावरचे. मी मुलांना विचारायचे, याच आगींशी समीकरण जुळवून दाखवले, तर पडताळणी झाली का? ज्या आगींनी समीकरण घडवले, त्या आगी त्याच्या बाजूने साक्ष देणारच. परीक्षा घ्यायची तर आग नवी हवी.

दरम्यान समीकरण कामाला लागले. १९७६मध्ये फ्रँक अल्बिनी यांनी त्यावरून आलेख काढले, मग ते खिशातल्या टीआय-५९ कॅल्क्युलेटरमध्ये बसले, पुढे ‘बिहेव’ आणि ‘फारसाइट’ या संगणक प्रणालींत गेले. ‘फारसाइट’ नकाशावर आगीची कड तासागणिक पुढे सरकवून दाखवते. खुद्द मान गल्चची शर्यतही रॉथरमेल यांनी अशाच गणिताने पुन्हा मांडली. तो अहवाल १९९३मध्ये निघाला.

नवी परीक्षा झाली, आणि तीही मिझुलाच्याच बोगद्यात. १९९८मध्ये कॅचपोल पती-पत्नी आणि त्यांचे सहकारी यांनी ३५७ प्रायोगिक आगींचे निष्कर्ष मांडले. इंधन, दाटी, ओलावा, वारा सगळे बदलून. त्या निबंधाच्या लेखकांत रॉथरमेल यांचेही नाव आहे. स्वतःच्या समीकरणाला तपासणाऱ्यांत सामील होणारा हा माणूस मला फार मोठा वाटतो.

पुढची संगणकी प्रारूपे वेगळ्या घडणीची निघाली. ती हवेचे बारीक घन कल्पून प्रत्येकात वायूचा प्रवाह आणि ज्वलन सोडवतात. अमेरिकेच्या एनआयएसटी संस्थेत विल्यम मेल आणि सहकाऱ्यांनी सुमारे दोन आणि पाच मीटर उंचीची डग्लस फरची झाडे एकेकटी जाळली. झाडाचे वजन कसे घटते आणि आसपास किती प्रारण पोहोचते हे मोजून ते प्रारूपाशी ताडून पाहिले. २००९चा हा निबंध मला आवडतो, कारण त्यात ताळा एका आकड्याचा नाही. प्रारण जुळले आणि वजनाची घट जुळली नाही, तर प्रारूपात कुठेतरी दोन चुकांनी एकमेकींना झाकले आहे, हे उघडे पडते.

असे झाकलेले काय असू शकते, हे मिझुलातच कळले. पुष्कळ प्रारूपांनी गृहीत धरले होते की पुढचे इंधन मुख्यतः प्रारणाने तापते. तिथल्या मार्क फिनी आणि जॅक कोहेन यांनी प्रारणासमोर मिलिमीटरभर जाडीचे आणि त्याहून कितीतरी जाड असे लाकडाचे तुकडे ठेवले. जाड तापले, बारीक मात्र भोवतालच्या हवेने गार होत राहिले. आणि वणवा तर बारीक इंधनातूनच धावतो! मग लेसरने कापलेले पुठ्ठ्याचे शेकडो दाते रांगेने उभे करून त्यांनी बोगद्यात आग सोडली. ज्वाळेच्या कडेला शिखरे आणि दऱ्या उमटल्या; दऱ्यांतून ज्वाळ खाली दबून झटक्याझटक्याने पुढे फेकली जात होती आणि तिच्या प्रत्यक्ष स्पर्शाने पुढचे दाते पेटत होते. २०१५मध्ये हे प्रसिद्ध झाले. त्याआधी, २०१३मध्येच फिनी आणि सहकाऱ्यांनी लिहिले होते की वणव्याच्या प्रसाराचा पक्का सिद्धांत अजून हाती नाही. पन्नासेक वर्षे आगी जाळलेल्या प्रयोगशाळेने हे छापून सांगावे, याला धैर्य लागते.

१९७२चे समीकरण अजूनही चालते. आगीशी झुंजणाऱ्याला मिनिटाभरात उत्तर लागते आणि ते या समीकरणातून मिळते. त्याला माझा विरोध नाही. पण आता नवे प्रारूप पुढे येते तेव्हा वेगाचा आलेख पाहण्याआधी मी तीन गोष्टी शोधते: एका दात्याचे तापमान क्षणाक्षणाला कसे चढले, ज्वाळेचे झटके सेकंदाला किती, आणि ज्या आगीशी ताडून पाहिले ती प्रारूप रचणाऱ्याने आधी पाहिलेली होती की नाही.