शिंक्यावरची पुडी

अहेरी तालुक्यातल्या गावांत गोळी दुकानातून फारशी आली नाही. ती आम्हा आरोग्य सेवकांच्या पिशवीतून आली. मलेरिया निर्मूलन कार्यक्रम 1958 चा, पण 1977 च्या सुधारित योजनेनंतर गावागावांत औषध वाटप केंद्रं झाली. केंद्र कसलं, कुणा गुरुजीच्या घरी क्लोरोक्विनचा डबा! प्राणहितेकाठच्या या जंगलात तापाला तोटा नव्हता.

गोळ्या कागदाच्या पुडीतून जायच्या. कुडाच्या घरात कपाट कुठलं? पुडी वळचणीला खोचली जाई, नाहीतर शिंक्यावर चढे. म्हाताऱ्या बायांचा कल शिंक्याकडे. मांजर, उंदीर आणि पोर, तिघांचाही हात पोचत नाही. यापेक्षा शहाणी सूचना मला कुठल्या परिपत्रकात वाचायला मिळाली नाही. आमच्या रजिस्टरात किती गोळ्या वाटल्या याचा रकाना होता. घरात त्या कुठे ठेवल्या, याचा नव्हता.

क्लोरोक्विन भयंकरच. मोठ्यांच्या एक-दोन गोळ्यांनी तान्ह्याचं हृदय बंद पडू शकतं. पण ती जहाल कडू, पोर बहुधा थुंकून टाकी.

लोहाच्या गोळीला तो कडूपणा नाही. गरोदर बायांना ती देण्याचा कार्यक्रम 1970 चा. त्याच वर्षी अमेरिकेत औषधांना लहान मुलांना उघडता येणार नाहीत अशी झाकणं लावायचा कायदा झाला. आमच्याकडे झाकणच नव्हतं. गोळीत लोह आधी 60 मिलिग्रॅम, पुढे 100, 2018 पासून पुन्हा 60. वरून साखरेचा लाल थर. दहा किलोच्या पोराने अशा दहा गोळ्या खाल्ल्या तर जिवावर बेततं. आधी उलट्या, रक्ताची हगवण. मग काही तास पोर खेळायलाही लागतं, घरचे निर्धास्त होतात, आणि तेवढ्यात यकृत निकामी होऊ लागतं. या मधल्या फसव्या तासांबद्दल सांगून सांगून माझी जीभ झिजली. लोक मिठाचं पाणी पाजून ओकारी काढत. तेही घातकच, मिठानेही मूल दगावतं.

आता 108 ची गाडी आहे, गोळ्याही स्ट्रिपमध्ये येतात. रिकामी स्ट्रिप टाकू नका, पोरासोबत दवाखान्यात न्या, असं मी अजून सांगतो. फुटलेले कप्पे मोजून डॉक्टरला किती गोळ्या पोटात गेल्या ते कळतं. पुडीवरून ते कधी कळलं नाही.