थोर कॅचर रॉय कॅम्पानेला

बेसबॉल या अमेरिकन खेळांत क्षेत्ररक्षण करणाऱ्या नऊ खेळाडूंपैकीं आठ जण बॅटरकडे तोंड करून उभे असतात. एकट्या कॅचरचें तोंड मात्र सबंध मैदानाकडे असतें. क्रिकेटमध्यें यष्टिरक्षकाची जी जागा, साधारण तीच त्याची. पण त्याची जबाबदारी अधिक व्यापक. तोंडावर जाळीचा मुखवटा व छातीवर जाड कवच चढवून तो बॅटरच्या मागें उकिडवा बसतो. पुढचा चेंडू कसा टाकावा हें बोटांच्या खुणेनें तो पिचरला सुचवितो. आणि कोणी धांवपटू पुढचा बेस चोरूं लागला, कीं बसल्या जागेवरून उसळून, चेंडू फेकून त्याला बाद करण्याची खटपट करतो. टाळ्या बहुधा पिचरच्या वांट्याला येतात. कॅचरचें काम जाणत्यांसच दिसतें. तें काम ज्यानें पराकाष्ठेला नेलें, त्या रॉय कॅम्पानेलाची ही कथा आहे.

त्याचा जन्म १९ नोव्हेंबर १९२१ रोजीं फिलाडेल्फिया येथें झाला. वडील इटालियन वंशाचे व आई कृष्णवर्णीय. त्या काळीं मोठ्या लीगचीं दारें कृष्णवर्णीयांना बंद होतीं. तसा नियम कागदावर लिहिलेला नव्हता. परंतु संघांच्या मालकांतील मूक संकेत कोणत्याही लेखी नियमाइतकाच कडक होता. म्हणून कृष्णवर्णीयांनीं आपले निराळे संघ उभारले होते व ‘नीग्रो लीग’ या नांवानें त्यांचे सामने होत. अशाच एका संघांत, एलिट जायंट्समध्यें, रॉय वयाच्या पंधराव्या वर्षीं दाखल झाला. तेथें बिझ मॅकी हा जुना, निष्णात कॅचर त्याला गुरु लाभला. मॅकीची शिस्त कडक होती. रात्रभर मोटारीचा प्रवास, दिवसा सामना, कधीं एका दिवसांत दोन सामने, आणि पुन्हा प्रवास, या धकाधकींत रॉयचें शिक्षण झालें.

१९४५ च्या ऑक्टोबरांत ब्रुकलिन डॉजर्स या संघाचे सूत्रधार ब्रँच रिकी यांनीं त्याला भेटीस बोलाविलें. रिकी एक नवा कृष्णवर्णीय संघ काढीत आहेत असें रॉयला वाटलें, व त्यानें नकार दिला. जॅकी रॉबिन्सन यास थेट डॉजर्सच्या घराण्यांत घेतल्याचें कळल्यावर मग त्याला रिकींच्या बोलण्याचा खरा अर्थ उमगला. सुदैवानें ती संधि हुकली नाहीं. १९४६ मध्यें तो नॅशुआ येथील दुय्यम संघांत खेळूं लागला. तेथें एके दिवशीं पंचांनीं व्यवस्थापक वॉल्टर ऑल्स्टन यांना मैदानाबाहेर काढलें, तेव्हां ऑल्स्टन यांनीं संघाचीं सूत्रें रॉयच्या हातीं दिलीं. गोऱ्या व्यावसायिक खेळाडूंना कृष्णवर्णीयानें आज्ञा द्यावी, ही त्या दिवसांत लहान गोष्ट नव्हती. तो सामना त्याच्या संघानें जिंकला.

१९४८ मध्यें तो ब्रुकलिनच्या मुख्य संघांत आला, तेव्हां त्याचें वय २६ होतें. उमेदीचीं कित्येक वर्षें वर्णभेदानें आधींच खाऊन टाकलीं होतीं. उरलेल्या दहा हंगामांत त्यानें २४२ होम रन काढले आणि १९५१, १९५३ व १९५५ असा तीनदां नॅशनल लीगमधील सर्वांत मोलाच्या खेळाडूचा मान मिळविला. एकट्या १९५३ सालीं त्यानें ४१ होम रन मारले. बेस चोरूं पाहणाऱ्या शंभरांपैकीं सुमारें ५७ जणांना त्याचा हात बाद करी. १९५५ च्या जागतिक मालिकेंत, यांकीजविरुद्धच्या सातव्या सामन्यांत, २३ वर्षांचा पिचर जॉनी पॉड्रेस कॅम्पानेलाच्या खुणांवर चेंडू टाकीत राहिला. डॉजर्स २–० नें जिंकले. ब्रुकलिनला लाभलेलें तें एकमेव जगज्जेतेपद.

रॉबिन्सन व कॅम्पानेला यांचे स्वभाव मात्र भिन्न होते. रॉबिन्सन अन्यायाला उघड जाब विचारी. कॅम्पानेला हंसतमुखानें आपलें काम करीत राही. त्याची ही शांति रॉबिन्सनला कधीं कधीं बोटचेपेपणाची वाटे, व दोघांत कटुताही आली. पण भिंत दोघांच्याही पुढें एकच होती, आणि दोघांच्याही खेळानें ती खचत गेली.

१९५७ च्या अखेरीस डॉजर्सनीं लॉस एंजलिसला बिऱ्हाड हलविण्याचें ठरविलें. पण नव्या शहरांत खेळणें कॅम्पानेलाच्या नशिबीं नव्हतें. २८ जानेवारी १९५८ च्या पहाटेपूर्वीं, न्यूयॉर्कच्या हार्लेम भागांतील आपलें दुकान बंद करून तो घरीं निघाला असतां, निसरड्या रस्त्यावर त्याची मोटार घसरली, खांबावर आदळली व उलटली. मानेचे मणके मोडले. खांद्याखालचें शरीर निर्जीव झालें. वय अवघें ३६.

पुढें डॉ. हॉवर्ड रस्क यांच्या संस्थेंत दीर्घ उपचार झाले. सरावानें हातांत थोडी हालचाल परत आली. पाय कधींच उठले नाहींत. ७ मे १९५९ रोजीं लॉस एंजलिसमध्यें त्याच्या सन्मानार्थ यांकीजशीं सामना झाला. ९३,१०३ लोक जमले होते. जुना सोबती पी वी रीझ यानें त्याची चाकांची खुर्ची मैदानांत ढकलीत आणली. दिवे मालविण्यांत आले, आणि त्या काळोखांत प्रेक्षकांनीं हजारों काड्या पेटविल्या. ज्या शहरासाठीं तो एकही सामना खेळला नव्हता, त्या शहरानें केलेला हा गौरव होता.

सन्मान होतच राहिले. १९६९ मध्यें बेसबॉलच्या कीर्तिमंदिरांत त्याची निवड झाली. रॉबिन्सननंतर हा मान मिळविणारा तो दुसरा कृष्णवर्णीय. १९७२ मध्यें त्याचा ३९ हा क्रमांक डॉजर्सनीं कायमचा राखून ठेवला. परंतु त्याच्या उत्तरायुष्याचें खरें मोल या सन्मानांत नाहीं. दरवर्षीं वसंतांत फ्लॉरिडांतील व्हेरो बीच येथें डॉजर्सचा सराव चाले. तेथें खुर्चीवर बसलेल्या या माणसाभोंवतीं तरुण कॅचर जमत. पाय कसे ठेवावे, पिचरचें मन कसें ओळखावें, हें तो त्यांना समजावून सांगे. माइक सायोशिया हा पुढें नांवाजलेला कॅचर त्यांपैकींच एक. मॅकीनें एका मुलाला जें दिलें, तें अशा रीतीनें पुढच्या पिढीच्या हातीं गेलें.

२६ जून १९९३ रोजीं वयाच्या ७१ व्या वर्षीं त्याचें निधन झालें. दहा वर्षें उकिडवें बसून व पस्तीस वर्षें खुर्चीवर बसून त्यानें तेंच मैदान न्याहाळलें. अपघातानें त्याचे हातपाय नेले. खेळाची जाण नेली नाहीं, आणि ती वांटून देण्याची हौसही नेली नाहीं.