रविवारची हलती चित्रे

अमेरिकेत एक अख्खी पिढी अशी आहे की तिच्यापुढे 'शनिवारची सकाळ' एवढे दोनच शब्द उच्चारावेत आणि तिचा चेहरा उजळावा. १९६० नंतरच्या दशकात तिकडच्या तीन मोठ्या दूरचित्रवाणी कंपन्यांनी शनिवारी सकाळी मुलांसाठी ओळीने व्यंगचित्रपट दाखवण्याचा परिपाठ पाडला. वार नेमका निवडला होता. शाळा बंद, आईबाप अजून अंथरुणात, आणि साखरेत घोळलेली न्याहारी नि खेळणी यांच्या जाहिराती पोरांपुढे मांडायला याहून सोयीचा मुहूर्त नाही. पुढे एकेका कंपनीने हात आखडता घेतला. २७ सप्टेंबर २०१४ ला शेवटच्या मोठ्या वाहिनीवरची ही शनिवारची माळ तुटली, तेव्हा नातवंडे झालेली माणसेसुद्धा हळहळली म्हणतात.

आता तुम्ही म्हणाल, त्यांचा शनिवार आपल्याला काय करायचा? बरोबर आहे. आपल्याकडे शनिवारी सकाळी पोर घरी असते कुठे? शनिवारची शाळा सकाळची. अंघोळ अर्धी करून दप्तर उचलायचे, मैदानावर कवायतीला उभे राहायचे आणि दुपारच्या आत घरी यायचे, हे गुरुजींना मी काय सांगावे! त्यातून चाकणच्या पंचक्रोशीत शनिवार म्हणजे बाजाराचा वार. कांद्याच्या पिशव्या, बैलांच्या जोड्या, गाड्यांची गर्दी. तिथे कार्टूनला जागा नव्हती. आपल्या मुलांचा तो तास रविवारी आला. पण पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यात त्या रविवाराचीही एक गोम होती, आणि तीच मला आज सांगायची आहे.

पिंपरीला हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचा कारखाना १९५४ साली आला. १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. आकुर्डीत स्कूटरी होऊ लागल्या, टेल्कोचा पसारा उभा राहिला, आणि ज्वारी-बाजरीच्या रानात भोंगे वाजू लागले. १९७० साली नगरपालिका झाली, १९८२ साली महानगरपालिका. सातारा, सोलापूर, मराठवाडा, खानदेश, शिवाय कर्नाटक आणि उत्तरेकडूनही माणसे आली. ही माणसे एक नवीनच पंचांग शिकली. त्या पंचांगात तिथीऐवजी पाळी असते : पहिली, दुसरी आणि रात्रपाळी. आणि त्यात सुटीचा वार गुरुवार!

शहराबाहेरच्या श्रोत्यांना याचे नवल वाटेल. पण सगळे कारखाने रविवारीच बंद ठेवले तर एक दिवस वीज पडून राहते आणि बाकीचे सहा दिवस ती पुरत नाही. म्हणून वेगवेगळ्या औद्योगिक भागांना सुटीचे वेगवेगळे वार वाटून दिलेले असतात. भोसरी-पिंपरीच्या वाट्याला गुरुवार आला. विजेच्या तारांची दुरुस्तीही बहुधा त्याच दिवशी. म्हणजे पाहा, मुलांच्या शाळेला सुटी रविवारी आणि बापाला सुटी गुरुवारी. बाप घरी, तेव्हा पोर शाळेत. पोर घरी, तेव्हा बाप यंत्रावर. कित्येक घरांत बापलेकांची गाठ पडायची ती उठता-निजताना. या पट्ट्यातल्या रविवारच्या सकाळीचा विचार करायचा तो असा.

मुंबईचे दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झाले आणि पुढच्याच वर्षी सिंहगडावरून ते पुणे भागात दिसू लागले. चिंचवडच्या चाळींवर आणि चाकणच्या धाब्यांवर जे अॅल्युमिनियमचे एरियल उभे राहिले, त्या सगळ्यांचे तोंड दक्षिणेला, सिंहगडाकडे. वारा सुटला की एरियल फिरायचे. मग एक पोरगा वर, एक जिन्यात आणि एक खोलीच्या दारात. "आलं का?" "नाही, अजून मुंग्याच!" "आता?" "आलं, आलं... गेलं!" लाकडी पेटीचा, सरकत्या दाराचा तो संच चाळीत एखाद्याच्याच घरी असायचा. चपलांचा ढीग दाराबाहेर आणि पोरांचा ढीग आत. घरच्या माउलीने ते कसे सोसले, याचा इतिहास कोणी लिहिलेला नाही. लिहायला हवा.

२५ जानेवारी १९८७ पासून रविवारी सकाळी रामायण सुरू झाले आणि पाठोपाठ महाभारत आले. रविवारी सकाळी संचापुढे बसण्याची सवय साऱ्या देशाला लागली ती तेव्हा. व्यंगचित्रे त्याच्या आगेमागे येत होतीच. 'ही-मॅन' नावाचा दांडगा तलवारबहाद्दर आला, कोळ्यासारखा भिंती चढणारा 'स्पायडरमॅन' आला. नंतर बदकांच्या कंजूष काकांची 'डकटेल्स' आणि विमान चालवणाऱ्या अस्वलाची 'टेलस्पिन' हिंदी बोलत आली. यातले सगळेच काही थोर होते असे मला म्हणवत नाही. 'ही-मॅन' तर आधी खेळणे म्हणून बाजारात आला आणि मग ते खपावे म्हणून त्याची चित्रे काढली गेली.

पण १९९३ साली 'जंगल बुक' आले आणि मोगली घरोघरचा झाला. या मोगलीची वंशावळ मोठी गमतीची आहे. त्याची कथा लिहिणारा रड्यार्ड किपलिंग १८६५ साली मुंबईत जन्मला. कथेतले जंगल शिवनीचे, म्हणजे आपल्या नागपूरच्या उत्तरेला लागून असलेल्या मुलुखाचे. पुस्तक निघाले १८९४ साली, विलायतेत. त्याची हलती चित्रे १९८९ साली काढली जपानी चित्रकारांनी, बावन्न भागांची. हिंदी गाणे गुलजारांचे, चाल विशाल भारद्वाजांची. आणि शेरखान वाघाला आवाज कोणाचा? मुरुड-जंजिऱ्याच्या नाना पाटेकरांचा! इतका प्रवास करून तो वाघ दिल्लीहून सिंहगडावर आणि तिथून थेरगाव, भोसरी, चाकणच्या खोल्यांत डरकाळी फोडायचा.

आता त्या खोलीकडे या. दहा बाय दहाची खोली. रविवार. बाप रात्रपाळी करून सकाळी आला आहे, चहा पिऊन भिंतीकडे तोंड करून झोपला आहे. संध्याकाळपर्यंत त्याची झोप व्हायला हवी, नाहीतर यंत्रावर हात जायचा. कारखान्याच्या माणसाला झोप म्हणजे चैन नव्हे. ती त्याच्या बोटांची राखण आहे. आणि त्याच खोलीत, त्याच्या पायाशी, मोगलीची वेळ झाली आहे. आई आवाजाची कळ पार खाली फिरवते. पोरे संचाला नाक लावून बसतात. शेरखान जबडा उघडतो आणि डरकाळी ऐकू येत नाही. हसू आले तर तोंडावर फडके दाबायचे. या पट्ट्यातल्या कामगारांच्या घरांत अशी मुकी चित्रे पाहून वाढलेली मुले पुष्कळ आहेत. आज चाळिशी-पंचेचाळिशीच्या या माणसांना विचारा. मोगलीचे गाणे ती शेजारच्या घरी शिकली, स्वतःच्या घरी नव्हे.

म्हणून 'कार्टूनची आठवण येते' असे कोणी म्हणाले की मी जरा थांबून ऐकतो. चित्रे तर आता केव्हाही मिळतात. फोनमध्ये बोट फिरवले की बावन्नही भाग हजर. पण ती लावून पाहिली की दहा मिनिटांत मन उडते, हा अनुभव अनेकांचा आहे. कारण आठवण येते ती त्या तासाची. वाट पाहायची तर सात दिवस, आणि चुकले तर चुकले. गुरुवार विजेने ठरवलेला, रविवार दिल्लीने ठरवलेला, आणि या दोहोंच्या मध्ये घर आपली जागा शोधत असे.

एक गोष्ट मात्र मनाला लागते. ही सारी चित्रे हिंदीत होती. मराठी शाळेत पाचवीला हिंदीचे पुस्तक हाती येण्याआधीच पोरे मोगलीकडून हिंदी शिकली होती, याचा गुरुजींना फायदाच झाला असेल. चाळीतल्या मराठी, कानडी आणि बिहारी पोरांना खेळायला एक समाईक बोली मिळाली, हेही खरे. पण मराठीत काय होते? मुंबई दूरदर्शनचे 'किलबिल' होते. आमच्या पुणे आकाशवाणीवर गोपीनाथ तळवलकरांच्या 'बालोद्याना'ने त्याआधीच्या पिढीचे कान तयार केले होते. मराठी बोलणारी हलती चित्रे मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी.

आणि हे घडावे कुठे? तर ज्या महाराष्ट्रात दादासाहेब फाळक्यांनी १९१५ साली आगकाड्या एकेक करून सरकवल्या, प्रत्येक सरकवणीचे छायाचित्र घेतले आणि 'आगकाड्यांची मौज' उभी केली! १९५६ साली डिस्नेच्या कारखान्यातले क्लेअर वीक्स मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये शिकवायला आले आणि आपली मुले त्यांच्या हाताखाली तयार झाली. त्यांतले राम मोहन पुढे या कलेचे मोठे गुरू झाले. १९७४ साली मुंबईत जन्मलेल्या विजया मुळे यांनी 'एक अनेक और एकता' केले. शिकाऱ्याच्या जाळ्यासह एकदम उडणाऱ्या चिमण्यांची ती सात मिनिटांची गोष्ट दूरदर्शनने इतक्या वेळा दाखवली की कित्येकांना ती पाठ्यपुस्तकापेक्षा पक्की पाठ आहे. हात होते, डोकी होती. पण सात मिनिटांची चित्रे काढायलाही हजारो चित्रे लागतात, आणि दर आठवड्याला ती पुरवायला पैसा लागतो. तो पैसा जपानने आणि अमेरिकेने घातला.

१ मे १९९५ ला 'कार्टून नेटवर्क' भारतात आले. केबलची काळी तार चाळीच्या कठड्यावरून खोलीखोलीत शिरली, आणि सिंहगडाकडे बघणारे एरियल हळूहळू कपडे वाळत घालायच्या कामी आले. कार्टून रोजचे झाले. पुढे चाकणला मोटारींचे नवे कारखाने उभे राहू लागले आणि कालची मोगलीची पोरे गणवेश घालून कंपनीच्या बसमध्ये बसू लागली. त्यांच्याही पाळ्या तीनच.

२०२० साली टाळेबंदी झाली. मार्चअखेर भोंगे थांबले, चाकणचे रस्ते ओस पडले. दूरदर्शनने जुनी पेटी उघडली : आधी रामायण, आणि ८ एप्रिलपासून दुपारी एक वाजता मोगली. वार होता बुधवार. पगाराची काळजी होती, गावाकडच्या म्हाताऱ्यांची काळजी होती. पण पहिल्यांदाच असे झाले की मोगली लागला तेव्हा बाप झोपलेला नव्हता आणि कामावरही नव्हता. पोर कंटाळून फोनकडे वळले असेल, बाप मात्र शेवटपर्यंत बसला असेल. आवाज चांगला मोठा करून. मे महिन्यात परवानग्या मिळू लागल्या, एकेक कारखाना उघडू लागला आणि तोंडाला मुसके बांधून माणसे पुन्हा पहिल्या पाळीच्या बसची वाट पाहत उभी राहिली.