दाताच्या रंगाचे फिलिंग

सोलापूरच्या ताटात कडक भाकरीला मान असला, तरी किडलेल्या दाताला ती सोसत नाही. कीड कोरून झालेला खड्डा दाताच्याच रंगाच्या ‘कॉम्पोझिट’ने भरता येतो. त्याच्या मूळ राळेचे पेटंट अमेरिकेतील राफेल बोवेन यांना १९६२ मध्ये मिळाले. पारामिश्रित चंदेरी फिलिंग खाचेत अडकून राहते. कॉम्पोझिट मात्र आम्लाने खरखरीत केलेल्या दाताला चिकटते. त्यामुळे निरोगी भाग कमी कोरावा लागतो. दात कोरडा ठेवून सुमारे २ मिलिमीटरचे थर निळ्या प्रकाशाने कठीण केले जातात. मिश्री-तंबाखूचे डाग त्यावरही चढतात. कीड नसेपर्यंत पोहोचल्यास फिलिंग पुरत नाही, रूट कॅनॉल करावे लागते. म्हणून ठणक्याची वाट न पाहता, केगावच्या दंत महाविद्यालयात अथवा जवळच्या दंतवैद्याकडे वेळीच तपासणी करून घेणे हिताचे.